नऊ गोल खाल्ल्यानंतर

११ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींनी अमेरिकेकडून आठ गोल खाल्ले. विश्वचषक आपल्या घरी, पात्रता फेरीची कटकट नाही, यजमान म्हणून थेट जागा, आणि पहिल्याच सामन्यात ०-८. पुढे मोरोक्कोने तीन घातले, ब्राझीलने पाच. तीन सामन्यांत सोळा गोल अंगावर आले, आपला एकही झाला नाही. त्यानंतर चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत जे बोलले गेले ते बहुतेकांना पाठ असेल: आपल्या मुलींचे हे काम नव्हे, उगाच कशाला हौस.

त्याच्या पाच वर्षे आधी, सप्टेंबर २०१७ मध्ये, थायलंडमध्ये सोळा वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धा झाली होती. तिथे बांगलादेशच्या मुलींनी उत्तर कोरियाकडून नऊ गोल खाल्ले. आपल्यापेक्षा एक जास्तच. मग जपानने तीन घातले, आणि शेवटी ऑस्ट्रेलियाशी त्या २-३ अशा हरल्या. त्या संघाची कर्णधार होती कृष्णा राणी सरकार. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये काठमांडूच्या दशरथ स्टेडियमवर दक्षिण आशियाई महिला अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. बांगलादेशने नेपाळला ३-१ असे हरवले आणि त्यातले दोन गोल याच कृष्णा राणीचे होते. त्या स्पर्धेच्या गटसाखळीत बांगलादेशने भारतालाही ३-० अशी धूळ चारली होती. २०१० पासून झालेल्या पाचही स्पर्धा जिंकलेला भारताचा संघ त्या वर्षी अंतिम फेरीपर्यंतसुद्धा पोहोचला नाही.

नऊ गोल खाल्लेल्या मुली पाच वर्षांत दक्षिण आशियाच्या विजेत्या होतात, तेव्हा मधल्या काळात काहीतरी घडलेले असते. या पुस्तकाचा विषय तेच ‘काहीतरी’ आहे. तो चमत्कार नाही आणि त्याला फारसा प्रेक्षकही नसतो. दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ, म्हणजे सॅफ, मुलींसाठी वयोगटांच्या ज्या छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवतो, आणि त्याआधी आशियाई महासंघ चौदा वर्षांखालील मुलींसाठी ज्या प्रादेशिक स्पर्धा घेत असे, त्यांची ही ओळख आहे. मराठीत या स्पर्धांवर सलग लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. वर्तमानपत्रांत निकालाची चार ओळींची बातमी येते, तीही भारत जिंकला तर.

सॅफची स्थापना १९९७ ची. भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान असे आज सात सदस्य. अफगाणिस्तान काही वर्षे होता, २०१५ मध्ये तो मध्य आशियाच्या गटात गेला. मुलींच्या वयोगटातली सॅफची पहिली स्पर्धा डिसेंबर २०१७ मध्ये ढाक्याला झाली, पंधरा वर्षांखालील, चार संघांची. पुढच्या वर्षी अठरा वर्षांखालील स्पर्धा थिम्पूला. मग कधी एकोणीस, कधी वीस, कधी सोळा, कधी सतरा. स्पर्धेच्या नावातला आकडा जवळजवळ दरवर्षी बदलतो आणि वाचणाऱ्याच्या डोक्याचा भुगा होतो. यामागे गूढ काही नाही. आशियाई महासंघाच्या सतरा आणि वीस वर्षांखालील स्पर्धांचे आपले चक्र असते. त्या चक्रात जो जन्मवर्षाचा गट पुढे पात्रता फेरी खेळणार असतो, त्याला आधी शेजाऱ्यांशी खेळायला मिळावे, असा साधारण हिशेब असतो. म्हणून नावाकडे फार पाहू नये. एकाच पिढीच्या मुली पंधरा, अठरा, वीस अशा पायऱ्या चढताना दिसतात, आणि पुढच्या प्रकरणांत मी तसेच पाहिले आहे.

संघ थोडे असतात ही या स्पर्धांची जुनी अडचण. २०१८ मध्ये थिम्पूला पंधरा वर्षांखालील स्पर्धेत सहा संघ आले आणि त्यात बांगलादेशने पाकिस्तानला १४-० असे हरवले. असा निकाल पाहून स्पर्धेलाच नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. पण मार्च २०२२ मध्ये जमशेदपूरला अठरा वर्षांखालील स्पर्धा झाली तेव्हा संघ होते तीन: भारत, बांगलादेश, नेपाळ. प्रत्येकाशी दोनदा खेळायचे. भारत आणि बांगलादेशचे गुण सारखे झाले, शेवटचा सामना बांगलादेशने जिंकला, तरी गोलफरकावर करंडक भारताला मिळाला. लिंडा कॉम सेर्टो ही मणिपूरची मुलगी त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारी ठरली. तीन संघांची स्पर्धा म्हणजे गंमतच, असे कोणी म्हणेल. मला त्यात वेगळे दिसते. दहा दिवसांत चार आंतरराष्ट्रीय सामने, असा योग आपल्या मुलींच्या वाट्याला किती वेळा येतो? अमेरिकेशी एकदा खेळून आठ गोल खाण्यापेक्षा बांगलादेशशी दोनदा एका गोलाच्या फरकाने झुंजणे सोळा वर्षांच्या बचावपटूला अधिक शिकवते. कुठे उभे राहायचे, कधी पुढे सरकायचे, गोलरक्षकाने आरडाओरडा करून फळी कशी जागेवर ठेवायची, हे अटीतटीच्या सामन्यातच अंगात मुरते. एकतर्फी सामन्यात हरणारी शिकत नाही आणि जिंकणारीही.

या पुस्तकातले सगळ्यांत मोठे प्रकरण बांगलादेशवर आहे. शेजाऱ्याचे एवढे कौतुक कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी थोडे इथेच सांगून टाकतो.

मैमनसिंह जिल्ह्यात, गारो टेकड्यांच्या पायथ्याशी, मेघालयाच्या सीमेजवळ कलसिंदूर नावाचे गाव आहे. २०११ मध्ये बांगलादेश सरकारने प्राथमिक शाळांतल्या मुलींसाठी देशभराची फुटबॉल स्पर्धा सुरू केली. गावागावांतून उपजिल्हा, जिल्हा, विभाग अशी वर चढत जाणारी. कलसिंदूरच्या सरकारी प्राथमिक शाळेतल्या एका शिक्षकाने मुलींना गोळा केले आणि सराव सुरू केला. या शाळेने २०१३ पासून सलग तीन वर्षे ती स्पर्धा जिंकली. सानजिदा अख्तर, मारिया मांडा, तहुरा खातून, शामसुन्नहार नावाच्या दोघी (थोरली आणि धाकटी अशाच नावाने त्या ओळखल्या जातात) या सगळ्या त्या एका शाळेतून वर आल्या. गावात वीज नव्हती, ती या मुलींच्या यशामुळे आली. राष्ट्रीय संघाचा अर्धा कणा एका खेड्याच्या प्राथमिक शाळेतून उभा राहतो, ही गोष्ट आपल्याकडच्या क्रीडा अधिकाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. शाळेला तिथे मैदान होते. आणि मुलींना दरवर्षी खेळायला स्पर्धा होती, जिचा पहिला सामना चालत जाण्याच्या अंतरावर होता.

याच मुली एप्रिल २०१५ मध्ये चौदा वर्षांखालील प्रादेशिक स्पर्धेसाठी काठमांडूला गेल्या आणि यजमान नेपाळविरुद्ध अंतिम फेरीत पोहोचल्या. सामन्याची तारीख होती २५ एप्रिल. त्याच दिवशी भूकंपाने नेपाळ हादरला. हजारो माणसे दगावली, काठमांडूचे जुने चौक जमीनदोस्त झाले. परदेशातून आलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलींचे संघ त्या शहरात अडकून पडले. भारताचा संघही तिथेच होता, आपल्या मुलींना हवाई दलाच्या विमानाने परत आणावे लागले. राहिलेला अंतिम सामना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा काठमांडूतच खेळवला गेला आणि बांगलादेशने तो १-० असा जिंकला. पुढच्या वर्षी दुशान्बेला, ताजिकिस्तानात, त्यांनी विजेतेपद राखले. अंतिम सामन्यात समोर भारत होता, आणि निकाल होता ४-०.

दुशान्बेचा हा ०-४ आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही. भुवनेश्वरचा ०-८ सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मते इशारा पहिल्यात होता. चौदा वर्षांच्या वयात जो फरक पडतो तो वीस-बावीसच्या वयात भरून काढायला दुप्पट कष्ट लागतात. २०१६ मध्येच ढाक्यात सोळा वर्षांखालील आशियाई पात्रता फेरीत बांगलादेशच्या मुलींनी इराण, सिंगापूर, किरगिझस्तान, चिनी तैपेई आणि संयुक्त अरब अमिराती या पाचही संघांना हरवले, आणि त्या थायलंडला गेल्या. तिथे ते नऊ गोल झाले. पण परत आल्यावर कुणी संघ मोडला नाही. तीन महिन्यांत ढाक्याला सॅफची पंधरा वर्षांखालील स्पर्धा होती, धाकट्या फळीने तिच्या अंतिम सामन्यात भारताला १-० असे हरवले. पुढच्या वर्षी थिम्पूला भारताने तेवढ्याच फरकाने परतफेड केली, गोल होता झारखंडच्या सुनीता मुंडाचा. २०१९ मध्ये पुन्हा थिम्पू, पुन्हा तेच दोन संघ, गोल नाही, पेनल्टींवर भारत. डिसेंबर २०२१ मध्ये ढाक्याला एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत बांगलादेश १-०. दोन शेजारी एकमेकांना असे वर्षानुवर्षे घासत राहतात, तेव्हा दोघांनाही धार येते.

बांगलादेशात सगळे आलबेल आहे असे मात्र कोणी समजू नये. २०२२ च्या विजयानंतर ढाक्यात उघड्या बसमधून मिरवणूक निघाली, रस्ते ओसंडले. आणि सहा-सात महिन्यांत, एप्रिल २०२३ मध्ये, पैसे नाहीत म्हणून याच संघाला ऑलिम्पिक पात्रता फेरीसाठी म्यानमारला पाठवले गेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये जॉयपुरहाटमध्ये मुलींचा सामना होऊ नये म्हणून मैदानाचे कुंपण तोडले गेले. त्याच सुमारास अठरा खेळाडूंनी परदेशी प्रशिक्षकाविरुद्ध बंड केले. या सगळ्याच्या मधेच ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी सॅफचे महिला अजिंक्यपद राखले होते, आणि जुलै २०२५ मध्ये म्यानमारला त्यांच्याच घरी २-१ असे हरवून त्या २०२६ च्या महिला आशियाई चषकासाठी पहिल्यांदाच पात्र ठरल्या. दोन्ही गोल रितुपर्णा चकमाचे, चितगावच्या डोंगराळ भागातल्या मुलीचे.

आता त्या नाणेफेकीबद्दल, कारण या पुस्तकाचे नाव काढले की जाणकार आधी तेच विचारतात. ८ फेब्रुवारी २०२४, ढाक्याचे कमलापूर स्टेडियम, एकोणीस वर्षांखालील अंतिम सामना. आठव्या मिनिटाला शिबानी देवीने भारताला पुढे नेले. बांगलादेशच्या सागरिकाने भरपाई वेळेत बरोबरी केली. पेनल्टी सुरू झाल्या आणि संपेचनात. दोन्हीकडच्या अकराही जणींनी, गोलरक्षकांसकट, गोल केले: ११-११. नियम असा की शूटआऊट तसाच पुढे चालू ठेवायचा. पण मॅच कमिशनरच्या सांगण्यावरून पंचांनी नाणे उडवले. कौल भारताच्या बाजूने पडला, आपल्या मुली नाचू लागल्या, बांगलादेशच्या मुली मैदान सोडेनात, प्रेक्षकांतून बाटल्या आल्या. कमिशनरने निर्णय मागे घेतला, तेव्हा भारताचा संघ परत मैदानात आला नाही. बराच वेळ घोळ घालून शेवटी दोघांना संयुक्त विजेते जाहीर केले. या प्रसंगावर दोन्ही देशांत समाजमाध्यमांवर जो धुरळा उडाला त्यात एक गोष्ट हरवली. बावीस पेनल्टी, एकही चुकलेली नाही, आणि मारणाऱ्या एकोणीसच्या आतल्या मुली. मोठ्यांनी नियम पाळले असते तर तो सामना दक्षिण आशियाच्या फुटबॉलमधल्या उत्तम सामन्यांत गणला गेला असता.

भारताच्या बाजूचा हिशेब मांडताना मी हात राखलेला नाही, हे वाचकाच्या लक्षात येईल. विश्वचषक मूळचा २०२० चा. कोविडने तो आधी पुढे गेला, मग रद्द झाला आणि २०२२ साठी पुन्हा आपल्याला मिळाला. २०२० च्या आराखड्यात पाच शहरे होती आणि त्यात अहमदाबाद होते. २०२२ मध्ये उरली तीन: भुवनेश्वर, मडगाव, नवी मुंबई. स्पर्धेची शुभंकर होती ‘इभा’ नावाची आशियाई सिंहीण. आता आशियाई सिंह रानात राहतो तो फक्त गुजरातेत. म्हणजे सिंहीण आम्हा गुजरातेत राहणाऱ्यांची आणि सामना एकही नाही, असो. स्पर्धेच्या दोन महिने आधी फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले, स्पर्धा जाते की राहते अशी धाकधूक अकरा दिवस चालली. त्याआधी युरोपच्या दौऱ्यात संघाच्या एका साहाय्यक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून बडतर्फ करावे लागले. मुलीला बाहेरगावी खेळायला पाठवताना आईच्या पोटात गोळा का येतो, हे ज्यांना कळत नाही त्यांनी ही बातमी पुन्हा वाचावी. मुलींच्या संघाबरोबर स्त्री व्यवस्थापक, स्त्री फिजिओ, तक्रार करायला ठरलेली जागा, ही चैन नाही. एका वेगळ्या प्रकरणात याचा तपशील दिला आहे. पालकांनी आधी ते वाचले तरी चालेल.

त्या विश्वचषक संघाची कर्णधार अस्तम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या सन्मानार्थ प्रशासनाने तिच्या घरापर्यंत रस्ता बांधायला घेतला, आणि त्या रस्त्यावर रोजंदारीने काम करणाऱ्यांत तिचे आईवडील होते. ही बातमी तेव्हा देशभर छापून आली आणि सगळ्यांनी हळहळून पुढे पान उलटले. मला तिच्यात हळहळीपेक्षा जास्त काही दिसते. झारखंड, मणिपूर, ओडिशा, हरियाणा इथल्या ज्या घरांतून या मुली येतात, तिथे खेळ हा छंद नसतो, नोकरीकडे जाणारी वाट असते. रेल्वे, पोलीस, निमलष्करी दले. मध्यमवर्गीय मराठी किंवा गुजराती घरात ती गरज नसते, म्हणून फुटबॉल दहावीच्या वर्षी कपाटावर जातो. पुण्याची काजोल डिसूझा त्या विश्वचषक संघात होती, हे किती मराठी घरांना माहीत आहे? कोल्हापुरात पेठापेठांचे सामने पाहायला शाहू स्टेडियम फुलून जाते. तिथल्या मुलींचा कोल्हापूर सिटी हा संघ भारतीय महिला लीग खेळून आला, त्याची चर्चा त्या मानाने किती झाली?

२०१९-२० च्या त्याच लीगमध्ये, बंगळुरूला, आणखी एक संघ होता: बडोदा फुटबॉल अकॅडमी. आता आमच्या गावाबद्दल.

मी राहतो बडोद्याच्या मकरपुऱ्यात. बाहेरच्या माणसाला मकरपुरा म्हटले की जीआयडीसी आठवते: लेथ, फाउंड्री, वाल्व आणि पंपांचे कारखाने, तीन पाळ्यांचे भोंगे. त्याच्या आधीचा मकरपुरा वेगळा. खंडेराव महाराजांनी १८७० मध्ये इथे इटालियन धाटणीचा राजवाडा बांधला, सभोवार काळविटांचे रान होते आणि गायकवाड तिथे चित्ते सोडून शिकार करत. तो राजवाडा आज हवाई दलाकडे आहे. जुने रान आता वसाहतींनी भरले, आणि मोकळी जागा उरली ती कंपन्यांच्या आवारात, शाळांच्या मागे आणि सोसायट्यांच्या कॉमन प्लॉटमध्ये. कॉमन प्लॉटवर मुलगे क्रिकेट खेळतात. मुली कडेने चालतात.

हे बडोद्यात व्हावे याचे मला नवल वाटते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला, मुलींसकट. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असे काही नव्हते. महाराणी चिमणाबाईंनी १९११ मध्ये स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ काढला आणि १९२७ मध्ये पुण्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराने या शहराला व्यायामाचे वेड लावले. मुलींना शाळेत घालण्याची सक्ती आणि तालमीची परंपरा, दोन्ही ज्या गावात होते, तिथे मुलींचा खेळ शंभर वर्षांनी तरी सहज व्हायला हवा होता. क्रिकेटपुरता तो झालाही. यास्तिका भाटिया इथलीच. बडोद्याकडून खेळणारी राधा यादव २ नोव्हेंबर २०२५ रोजी विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. तो अंतिम सामना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. त्याच्या तीनच वर्षे आधी, ३० ऑक्टोबर २०२२ ला, स्पेनच्या सतरा वर्षांखालील मुलींनी कोलंबियाला १-० असे हरवून फुटबॉलचा विश्वचषक उचलला तो याच मैदानावर.

मुलींना वेळ नाही, संध्याकाळी बाहेर पाठवता येत नाही, उन्हात काळ्या पडतील, ही कारणे मी इथे नेहमी ऐकतो. त्यावर मी एकच विचारतो: आणि नवरात्रात? नऊ रात्री आमच्या शहरातल्या मुली मध्यरात्रीपर्यंत मैदानावर असतात. तीन-तीन तास, कित्येक जणी अनवाणी, मोठ्या घेऱ्यात एका लयीत फिरत. पायांत ताकद नसती, दम नसता, दिशा बदलण्याची चपळाई नसती, तर हे झाले नसते. त्यांना आणायला-सोडायला वडील जातात, भाऊ जातो, शेजारच्या रीटाबेन चार घरच्या मुली एका गाडीत घालून नेतात. म्हणजे परवानगी आहे, सोय आहे, शरीरही आहे. महिनाभर आधीपासून गरब्याचे क्लास लावतात, त्याची फीही भरतात. घरच्यांना पटले की सगळे जमते, याचा एवढा धडधडीत पुरावा दुसऱ्या कुठल्या शहरात मिळणार नाही. फुटबॉल त्यांना अजून पटलेला नाही, इतकेच.

मैदानांची बाजूही सोपी नाही. चांगले टर्फ आता तासाच्या भाड्याने मिळते आणि संध्याकाळचे तास मुलांच्या गटांनी आधीच घेतलेले असतात. शाळेत पीटीचा तास असतो, पण दहावीच्या वर्गांना तो गणिताच्या सरांकडे जातो. मुलींचा संघ करायचा तर एका शाळेत अकरा जणी जमत नाहीत, म्हणून तीन-चार शाळांनी मिळून करावा लागतो. आणि एवढे झाल्यावर समोर खेळायला दुसरा संघ हवा. कलसिंदूरला शिक्षक होता हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्याच्या शाळेला दरवर्षी हरवायला कुणीतरी होते. आमच्याकडे एखादी जिद्दी मुलगी सापडते. पण वर्षाला तिच्या वाट्याला स्पर्धात्मक सामने किती येतात, ते बोटांवर मोजावे. ज्या राज्यात जिल्ह्या-जिल्ह्यांत मुलींच्या तीस-चाळीस संघांची साखळी वर्षभर चालत नाही, त्या राज्यातली मुलगी थिम्पूच्या विमानात बसणे हा योगायोगच राहणार. अहमदाबादेत २०२३ मध्ये अख्खी भारतीय महिला लीग खेळवली गेली. एप्रिल-मेच्या उन्हात, पण झाली. म्हणजे मोठी स्पर्धा भरवता येते. अवघड आहे ते तळाशी दर शनिवारी सामना होणे.

भारताच्या मुलींनी अलीकडे जे केले त्यातून माझ्या म्हणण्याला बळच मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये थिम्पूला सतरा वर्षांखालील सॅफ स्पर्धा चार संघांनी दुहेरी साखळीत खेळली. भारत विजेता ठरला, शेवटचा सामना बांगलादेशकडून ३-४ असा हरूनही. दोनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, बिश्केकला या संघाने उझबेकिस्तानला २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. त्याच ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील संघाने यांगूनमध्ये म्यानमारला १-० असे हरवून दोन दशकांनी आशियाई स्पर्धा गाठली. जुलैमध्ये मोठ्या संघाने थायलंडला त्यांच्याच घरी २-१ असे हरवले, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. यजमानपदाच्या पासवर मिळालेली जागा आणि पात्रता फेरीतून मिळवलेली जागा यांत फरक असतो, तो या तीन निकालांत आहे.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडे. प्रकरणे स्पर्धांच्या क्रमाने आहेत, पण नेपाळचे प्रकरण वाचल्याशिवाय बांगलादेशचे पूर्ण कळणार नाही. पुन्हा पुन्हा अंतिम फेरीत पोहोचून हरणाऱ्या त्या संघाकडे मी जास्त मायेने पाहिले आहे, हे कबूल. भूतानचे प्रकरण लहान आहे. समुद्रसपाटीपासून तेवीसशे मीटरहून उंच असलेल्या थिम्पूत पाहुण्या संघांचा दम कसा जातो, एवढेच त्यात मुख्य. पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीववर फारसे लिहिता आले नाही, कारण त्यांच्या मुली या स्पर्धांत फार थोड्या वेळा उतरल्या. फिफाने पाकिस्तानवर २०१७ आणि २०२१ मध्ये, श्रीलंकेवर २०२३ मध्ये निलंबनाची कारवाई केली. मोठ्यांच्या भांडणात मुलींची वर्षे जातात, आणि पंधराव्या वर्षी चुकलेली पंधरा वर्षांखालील स्पर्धा पुन्हा खेळता येत नाही. शेवटी पालकांसाठी काही पाने आहेत: जन्मदाखला आणि पासपोर्टवरची तारीख एकच का असावी, नोंदणी जिल्हा संघटनेत कशी करावी, पाळीच्या दिवसांत सराव किती, गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलींत जास्त का होते आणि ती टाळायला रोज पंधरा मिनिटे कोणते व्यायाम करावेत. प्रशिक्षकांना ही पाने प्राथमिक वाटतील. ती त्यांच्यासाठी नाहीत.

बडोद्यातल्या आणि बडोद्याबाहेरच्या शिक्षकांना एक विनंती करून थांबतो. जिल्हा संघटनेकडून निवड चाचणीची सूचना शाळेत येते तेव्हा ती बहुधा मुलांच्या वर्गात वाचली जाते आणि फळ्यावर टाचून ठेवली जाते. पुढच्या वेळी ती मुलींच्या वर्गातही वाचून दाखवा, आणि चाचणीच्या दिवशी शाळेतल्या एखाद्या बाईंना त्यांच्याबरोबर पाठवा.